रूबेनला माहीत आहे

माझा नवरा म्हणतो, ही बाई स्वतःच्या नाकावर माशी बसू देत नाही आणि दुसऱ्याच्या नाकावर बसली की जवळ जाऊन बघते. पहिला आरोप मला मान्य नाही. दुसरा मान्य आहे, कारण माझं पोटच त्यावर चालतं. गारा पडून गेल्या की मी विमा कंपनीसाठी मक्याच्या शेतात फिरते आणि नुकसान ठरवते. पान उभं फाटलंय की आडवं, ताट कुठल्या पेरापाशी वाकलंय, हे बघून किती मोठी गार कुठल्या बाजूनं आली ते सांगायचं. शेतकरी म्हणतो सगळं गेलं, कंपनी म्हणते काही गेलं नाही, आणि मी मध्ये चिखलात उभी.

शुक्रवारी संध्याकाळी मी असंच उभं राहायचं काम करते, फक्त अंगात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट असतो. शाळांच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यांची, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाची, मी बाजूची पंच. चेंडू जिथे ठेवलेला असतो त्या रेषेच्या टोकाला, मैदानाच्या कडेला उभं राहायचं आणि रांगेत वाकलेल्या पोरांवर नजर ठेवायची. आमच्या चमूचा मुख्य पंच व्हर्जिल सुकप. त्याची टोपी पांढरी, आम्हा बाकीच्यांच्या काळ्या, म्हणून सगळे त्याला पांढरी टोपीच म्हणतात. धान्याच्या कोठारावर आयुष्य काढून निवृत्त झालेला माणूस. बोलतो कमी, आणि त्यातलं निम्मं बोलणं म्हणजे प्रश्न.

सामन्याआधी कपडे बदलायच्या खोलीत एकमेकांना कोडी घालायची आमची पद्धत आहे. त्या दिवशी प्लम रिजच्या शाळेत आम्हाला कुस्तीची खोली दिली होती. भिंतीला टेकवलेल्या गाद्यांना घामाचा आंबट वास. गस, म्हणजे आमच्यातला सगळ्यात मागे उभा राहणारा पंच, बुटाच्या नाड्या बांधता बांधता म्हणाला, 'समजा, चेंडू घेतलेलं पोर आपल्या गोललाइनच्या मागून निघालं, चांगलं पुढे पळालं. पण त्याच्याच संघातल्या एकानं गोललाइनच्या मागे समोरच्याचा शर्ट धरून ठेवला. आता काय?'

'आर्लिस, तू सांग,' व्हर्जिल म्हणाला.

'चेंडू कुठे पोचला ते विसरायचं. धरणाऱ्याचे पाय बघायचे,' मी म्हणाले. 'पाय आपल्याच गोललाइनच्या मागे असले तर समोरच्यांना दोन गुण.'

'आणि एक पाय पुढे, एक मागे असला तर?' गसला शेपूट लावायची सवय.

'तर तू चष्मा बदल आणि पुन्हा बघ.'

व्हर्जिल हसला नाही. तो प्रत्येक कोड्यानंतर विचारतो तेच त्यानं विचारलं. 'हा नियम कोणामुळे आला असेल?'

त्याचं ठाम मत आहे की पुस्तकातल्या प्रत्येक नियमामागे एक माणूस आहे. कोणीतरी कुठेतरी लबाडी केली, किंवा कोणाची तरी मान मोडली, मग चार जणांनी बसून ते वाक्य लिहिलं. हेल्मेट निघालं की एक डाव, म्हणजे चेंडू उचलल्यापासून तो थांबेपर्यंत, बाहेर बसायचं, हे कोणामुळे? दुखापतीसाठी खेळ थांबवला तर उठून उभं राहिलेल्या पोरालाही एक डाव बाहेर पाठवायचं, हे कोणामुळे? नाव कोणालाच माहीत नसतं. पण व्हर्जिल विचारतो, आणि त्याच्याबरोबर इतके हंगाम काढल्यावर मलाही ती खोड लागली.

सामना हार्लन क्रीकशी होता. जिंकणारा बाद फेरीत जाणार, हरणाऱ्याचा हंगाम तिथेच संपणार. प्लम रिजमध्ये दुकानांच्या काचांवर पोरांची नावं रंगवली होती आणि मका काढायची यंत्रं शेतात तशीच सोडून माणसं आली होती.

माझ्या समोर, प्लम रिजच्या रांगेच्या उजव्या टोकाला, ब्रेकन नावाचा मुलगा होता. बारावीतला, खांदे दारात अडकतील असे. तीन हंगाम मी त्याला बघत होते. डाव संपला की पडलेला चेंडू उचलून माझ्या हातात आणून देणारा आणि 'घ्या, मॅडम' म्हणणारा तो एकटाच. चूक दाखवायचं पिवळं फडकं मी त्याच्यावर कधी टाकलं नव्हतं. त्याच्या शेजारी, डाव्या हाताला, रूबेन. बुटका, रुंद, तोंडाचा पट्टा सतत चालू. त्याचे आईवडील गावाबाहेरच्या मांसाच्या कारखान्यात कामाला. दोघं पहिलीपासून एका बाकावर बसलेले, हे गावात कुत्र्यालाही माहीत होतं.

दुसऱ्या सत्रात एकमेकांवर पडलेल्या पोरांच्या ढिगाऱ्यातून रूबेन उठला तो हेल्मेटशिवाय. हेल्मेट गवतावर घरंगळत होतं.

'ओढलं कोणी?' व्हर्जिलनं मला विचारलं. समोरच्यानं ओढून काढलं असतं तर शिक्षा त्याला, आणि रूबेन मैदानात राहिला असता.

'नाही. आपोआप निघालं.'

'मग जा बाबा, एक डाव बाहेर.'

'अहो, बक्कल जुनं आहे, माझा काय दोष?' रूबेन पुटपुटत गेला. कडेवरून प्लम रिजचा कोच विटमर ओरडला, 'बक्कल जुनं नाही, डोकं रिकामं आहे, म्हणून सटकतं!'

पुढच्याच डावाला ब्रेकन चेंडूच्या आधी हलला.

हे कसं असतं बघा. चेंडू कधी उचलायचा हे क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा खेळाडू, घोळक्यात आपल्या पोरांना सांगतो. 'पहिल्या हाकेवर' किंवा 'दुसऱ्या हाकेवर'. मग सगळे रांगेत येऊन वाकतात, तो 'हट' ओरडतो, आणि ठरलेल्या हाकेला सगळे एकदम उसळतात. समोरच्यांना आकडा माहीत नसतो, तेवढाच काय तो यांचा फायदा. म्हणून चेंडू हलायच्या आधी रांगेतलं कोणी उसळलं तर तो दगा धरतात आणि संघाला पाच यार्ड मागे ढकलतात. त्या डावाला हाक दुसरी होती. ब्रेकन पहिलीला उसळला, एकटाच, आणि मग चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेल्या माणसासारखा उभा राहिला. मी पिवळं फडकं टाकलं.

'सॉरी, मॅडम,' तो म्हणाला.

होतं असं. मी सोडून दिलं.

तिसऱ्या सत्रात रूबेनच्या पोटरीत गोळा आला. तो गवतावर पडून देवाला आणि विटमरला एकाच दमात हाका मारत होता. खेळ थांबला, पाणी आलं, तो उठला, आणि नियमाप्रमाणे एक डाव बाहेर गेला. त्याच डावाला ब्रेकन पुन्हा आधी उसळला. पुन्हा माझं फडकं, पुन्हा पाच यार्ड. प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं, 'बाई, तुमच्या हाताला खाज सुटलीये का?'

खाज सुटली होती, पण हाताला नाही. तीन हंगाम जो मुलगा घड्याळासारखा खेळला तो आज दोनदा चुकतो, आणि दोन्ही वेळा शेजारी रूबेन नाही. शेतात एकाच ओळीची ताटं मोडलेली दिसली तर मी गारांना बोल लावत नाही, कोणाची गाय आली ते शोधते.

पहिल्यांदा वाटलं, याला ऐकू येत नसावं आणि तो रूबेन हलला की हलत असावा. पण बहिरा माणूस उशिरा उसळेल, हा तर लवकर उसळत होता. हाक त्याला ऐकू येत होती. आपली हाक कुठली, हे माहीत नव्हतं.

मग मी बघायला लागले. घोळका फुटला की दोघं बरोबर रांगेकडे येत, आणि वाकायच्या आधी रूबेन त्याच्या पाठीवर थाप मारी. पोरं मारतातच, त्यात काही नवल नाही. एका डावाला एक थाप पडली आणि चेंडू पहिल्या हाकेला निघाला. पुढच्याला दोन थापा आणि चेंडू दुसऱ्या हाकेला. त्यापुढे पुन्हा दोन आणि पुन्हा दुसऱ्या. माझे कान टवकारले. डाव बघायचं सोडून मी थापा बघत होते, हे पंचाला शोभत नाही, पण खरं आहे.

टाइमआउटला मी गस आणि व्हर्जिलला गाठलं. 'तो बुटका त्या मोठ्याला पाठीवर आकडा सांगतोय.'

'मग?' गस म्हणाला. 'पाठीवर थापायला बंदी आहे का? कुठल्या पानावर?'

'बंदी नाही. पण आकडा तर घोळक्यात सगळ्यांना सांगतात. याला दहा पावलांत पुन्हा का सांगावा लागतो?'

'ढ असेल.'

'तीन वर्षं ढ नव्हता. या शुक्रवारी झाला?'

व्हर्जिलनं विचारलं, 'डोक्याला मार बसताना पाहिलास?'

'नाही. आज तर मुळीच नाही.'

'बघत राहा,' तो म्हणाला आणि शिट्टी तोंडात घातली.

त्याच्या डोक्यात काय होतं ते मला कळलं, कारण तेच माझ्याही डोक्यात होतं. डोक्याला मार बसल्याचं लक्षण कुठल्याही पंचाला दिसलं तर पोराला त्या क्षणी बाहेर काढायचं, आणि डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय परत घ्यायचं नाही. त्या मारावर दुसरा मार बसला तर काय होतं हे कोणाला तरी मरून दाखवावं लागलं असेल. पण लक्षण कशाला म्हणायचं? झोकांडी गेली, ओकला, डोळे फिरले, तर सोपं आहे. विसरणं हे लक्षण की स्वभाव? आणि मी चुकले तर बारावीतल्या पोराचा शेवटचा सामना नुसत्या शंकेवर हिसकावून घेतला, असं होणार. 

शेवटच्या सत्रात प्लम रिज एकवीस, हार्लन क्रीक वीस. घड्याळात फार वेळ उरला नव्हता. चेंडू प्लम रिजकडे होता, पण त्यांच्याच गोललाइनच्या तोंडाशी. दोन-तीन डावांत दहा यार्ड पुढे सरकले की पुन्हा नवे डाव मिळणार, वेळ संपणार, सामना खिशात. प्रेक्षक उभे राहून पाय आपटत होते आणि लोखंडी बाकांचा आवाज माझ्या दातांत वाजत होता.

घोळका फुटला. ब्रेकन आणि रूबेन रांगेत आले. थाप पडली नाही.

रूबेन वाकला. वाकलेलं पोर समोरच्याच्या छातीकडे बघतं, नाहीतर गवताकडे. पंचाकडे बघायचं त्याला काही कारण नसतं. रूबेन मान वळवून माझ्याकडे बघत होता.

'हट!'

ब्रेकन उसळला. एकटा.

फडकं टाकताना मला माझाच राग आला. अंतर उरलंच नव्हतं, म्हणून पाच यार्ड नाही, गोललाइनपर्यंत जेवढं होतं त्याच्या अर्ध्यावर व्हर्जिलनं चेंडू नेऊन ठेवला. प्रेक्षकांनी माझ्या आईचा उद्धार केला. मी सरळ चालत रांगेत गेले. हे मी एरवी कधी करत नाही.

'ब्रेकन, हाक कितवी होती?'

तो माझ्याकडे बघून हसला. नम्र, गोड हसू, चर्चच्या दारात म्हाताऱ्यांना हसतात तसं. त्यानं उत्तर शोधलं. शोधताना मला दिसत होतं.

'रूबेनला माहीत आहे,' तो म्हणाला.

मी रूबेनकडे पाहिलं. एरवी विचारायच्या आधी बोलणारं ते पोर हेल्मेटच्या जाळीआड ओठ घट्ट मिटून खाली बघत होतं.

मी शिट्टी वाजवली आणि दोन्ही हात डोक्यावर हलवून घड्याळ थांबवलं. 'पंधरा मिनिटांपूर्वी का नाही केलंस हे,' असं मनात कोणीतरी म्हणत होतं. ब्रेकनच्या कोपराला धरून मी त्याला कडेला घेऊन गेले. त्यानं विचारलंही नाही की का.

विटमरनं विचारलं. 'काय केलं त्यानं?'

'डोकं. डॉक्टरनं बघितल्याशिवाय आता नाही.'

'कोणी मारलं त्याच्या डोक्याला? कधी? दाखव मला!'

'त्याला हाक आठवत नाही, कोच.'

'हाक आठवत नाही?' विटमरनं टोपी जमिनीवर आपटली. 'माझ्या बायकोचा वाढदिवस मला आठवत नाही! मलाही दवाखान्यात टाक! बाई, विसरणं म्हणजे मार बसणं असेल तर माझा अर्धा संघ बाहेर काढ, आणि गणिताच्या मास्तरला विचारून उरलेला अर्धा!'

मागे बसलेले हसले. मलाही एरवी हसू आलं असतं, माणूस बोलतो चांगलं. पण ब्रेकन आमच्या दोघांच्या मधे उभा होता आणि कोण बोलतंय तिकडे त्याची मान थोडी उशिरा वळत होती.

व्हर्जिल आला. विटमर त्याच्यावर घसरला. 'व्हर्जिल, हिनं काही पाहिलेलं नाही. हिलाच विचार.'

'पाहिलंस?' व्हर्जिलनं विचारलं.

'मार पाहिला नाही. पण आडवं पडलेलं पीक बघितलं की गारा पडल्या हे सांगायला मला तिथे हजर असावं लागत नाही.'

व्हर्जिल ब्रेकनसमोर उभा राहिला. त्याला काही विचारलं नाही, नुसता बघत राहिला. मग म्हणाला, 'विटमर, तुझा पोरगा बाहेर.'

'आणि ही चुकली असेल तर?'

'तर तुझा एक सामना गेला,' व्हर्जिल म्हणाला. 'ती बरोबर असेल आणि मी ऐकलं नाही, तर काय जाईल ते तू मला सांग.'

विटमरला ते पटलं नव्हतं, तरी त्यानं नववीतल्या कॉर्बिनला आत ढकललं. काडीपैलवान, हेल्मेट त्याच्यावर पातेल्यासारखं दिसत होतं. तो माझ्यासमोर, ब्रेकनच्या जागेवर येऊन वाकला.

चेंडू उचलला गेला. हार्लन क्रीकचं दांडगं पोर कॉर्बिनला ओलांडून आत घुसलं, आणि कॉर्बिननं बुडणारा माणूस धरतो तसा त्याचा शर्ट मागून धरला. दोन्ही मुठींनी. सोडला नाही. त्यामुळेच पळणाऱ्या पोराला वाट मिळाली. तो गोललाइनच्या मागून निघाला, कडेनं सुटला आणि हवे होते त्याहून जास्त यार्ड पळून पडला. बाकं कोसळतील असा जल्लोष झाला. सामना जिंकल्यातच जमा होता.

माझं फडकं गवतावर पडलेलं होतं.

कधी टाकलं ते मला आठवत नाही. हात सवयीनं कमरेकडे जातो. हळूहळू लोकांना ते पिवळं दिसायला लागलं आणि जल्लोष एका टोकाकडून विझत आला. व्हर्जिल माझ्याकडे आला, अगदी जवळ. 'काय?'

'धरलं. कॉर्बिननं.'

'पाय?'

आता हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. त्या एका क्षणात मी विचार केला. एक पाय पुढे होता असं म्हटलं तर थोडं अंतर मागे जायचं, डाव पुन्हा, आणि प्लम रिज अजून पुढेच. कोण तपासणार होतं? मीच त्यांचा माणूस काढलेला, मीच त्यांच्या बदलीच्या पोराला पकडायचं, हे देवालाही रुचलं नसतं. माझ्या जिभेवर ते शब्द आलेही होते. पण मग त्याच तोंडानं मी ब्रेकनबद्दल जे बोलले त्याची काय किंमत राहिली असती?

'रेषेच्या मागे,' मी म्हणाले.

'दोन्ही?'

'दोन्ही.'

शिक्षा लावायची का, हे व्हर्जिलनं हार्लन क्रीकच्या कोचला विचारलं. तो नाही कशाला म्हणतोय. मग व्हर्जिल मैदानाच्या मध्ये गेला आणि दोन्ही तळवे डोक्यावर जोडून दोन गुणांची खूण केली. बावीस-एकवीस. नियमाप्रमाणे प्लम रिजनं चेंडू लाथेनं त्यांच्याकडे पाठवला, त्यांनी तो छातीशी धरून वेळ काढला, आणि खलास.

'आधी माझा माणूस काढलास, मग त्याच्या जागेवरचा धरलास!' विटमर कडेवरून माझ्या मागोमाग चालत होता. 'घरी जाऊन आता तुझ्या कुत्र्याला काढ!' कॉर्बिन गोललाइनवर बसून रडत होता. त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं की त्याचा यात काही दोष नाही, पण ते मी सांगून चाललं नसतं. ब्रेकनची आई त्याला गाडीकडे नेत होती. हात धरून, लहान पोराला नेतात तसं.

कुस्तीच्या खोलीत आम्ही गाद्यांवर बसलो. आमच्याकडे रीत आहे, सामना संपला की यजमान संघातल्या पोरांच्या आया पंचांना गरम चिली, म्हणजे खिमा-राजम्याचं तिखट कालवण, आणि वर दालचिनीचा रोल आणून देतात. हरलेल्यांनीही द्यायचं, असा शिरस्ता आहे. त्या संध्याकाळी दार वाजलं नाही.

'आर्लिस, नियमाबद्दल माझं काही म्हणणं नाही,' गस म्हणाला. 'पण प्लम रिजचे रोल सगळ्या जिल्ह्यात चांगले आहेत, एवढंच सांगतो.'

'बुटाची नाडी चघळ.'

मला भांडायचं होतं, पण जोर नव्हता. मी चुकले होते का? थाप नाही तिथे चूक, हे माझं गणित होतं. पण तिसऱ्या वेळी रूबेन शेजारी असून थाप पडली नाही. थापा खरंच आकडा सांगत असत्या, तर नेमक्या त्याच डावाला तो कशाला थांबला असता? कदाचित थापांना काही अर्थच नव्हता. कदाचित मोठ्या सामन्याच्या धाकानं एक पोर तीनदा चुकलं, आणि पंचबाईला घोळक्यातही गारपीट दिसली. व्हर्जिल टोपी गुडघ्यावर ठेवून भिंतीकडे बघत होता. त्यानं मला एका शब्दानं विचारलं नाही, आणि त्याबद्दल मी त्याला जन्मभर दुवा देईन.

दार वाजलं.

रूबेन होता. अजून मैदानातल्याच कपड्यांत, गुडघ्यांना चिखल. हातात पुठ्ठ्याचं खोकं, त्यात वाफाळणारे पेले आणि कागदात गुंडाळलेले रोल. त्यानं ते गादीवर ठेवलं.

'आयांनी पाठवलं?' मी विचारलं.

'नाही. त्या कोणी देत नव्हत्या. मी उचलून आणलं.' तो उभाच राहिला. 'ब्रेकनला मोठ्या दवाखान्यात नेलं. त्याच्या आईला काही माहीत नव्हतं. तिला वाटलं, सर्दी-ताप आहे.'

'कधीपासून आहे हे?'

'मागच्या शुक्रवारपासून. कोणाचा तरी गुडघा लागला, ढिगाऱ्यात. कोणी बघितलंच नाही. तो म्हणाला, ठीक आहे. मग सोमवारी मला सोडायला निघाला आणि माझ्या घरावरून गाडी पुढे घेऊन गेला. दोनदा. दिवे लावू देत नाही. जेवलेलं उलटून पडतं. मला म्हणाला, शपथ घे, शेवटचा सामना आहे, कोणाला सांगायचं नाही. मी घेतली शपथ.' त्यानं नाक बाहीला पुसलं. 'घोळक्यात त्याला आकडा राहत नव्हता. म्हणून रांगेत येऊन मी…'

'थापा,' मी म्हणाले.

'तुम्हाला दिसल्या?' त्याला खरंच नवल वाटलं. 'दोनदा मी बाहेर होतो तेव्हा तो चुकला, आणि दोन्ही वेळा फडकं टाकल्यावर तुम्ही त्याच्याकडे बघत राहिलात. बाकीचे पंच फडकं टाकतात आणि चेंडूकडे बघतात. मला वाटलं, या बाईला कळणार.'

गसनं तोंडात घातलेला चमचा तसाच ठेवला होता.

'पण तिसऱ्या वेळी तू शेजारीच होतास,' मी म्हणाले.  'तेव्हा थाप का नाही पडली? विसरलास?'

रूबेननं मान हलवली. तो आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. बोटांना पट्ट्या गुंडाळलेल्या, चिखलानं माखलेल्या.

'त्याच्या आधीच्या डावात तो पडला आणि उठला, आणि मला म्हणाला, घरी कधी जायचं. मी म्हटलं, झालंच. मला शपथ मोडता येत नव्हती, मॅडम. पण थाप मारायची शपथ मी घेतली नव्हती.' त्याचा चेहरा एकदम वाकडा झाला. 'मला माहीत होतं तो उसळणार. मला माहीत होतं तुम्ही फडकं टाकणार. आपण गोललाइनवर आहोत, हेही माहीत होतं. मी फक्त हात मागे घेतला आणि तुमच्याकडे बघितलं.'

 मला त्या पोराला जवळ घ्यावंसं वाटलं, पण पट्ट्यांचा शर्ट घालून आम्ही तसं करत नाही. मी नुसती रडले, आणि ते लपवलं नाही.

'सगळे तुम्हाला शिव्या देताहेत, आणि हरवलं तर मी,' रूबेन म्हणाला. मग तो व्हर्जिलकडे वळला. पांढरी टोपी त्याच्याकडेच असते, म्हणून. 'सर, हा फाउल होतो का? आपल्याच माणसाला चुकू देणं?'

कोड्याला उत्तर नाही असं आमच्या खोलीत कधी घडलं नव्हतं. व्हर्जिलनं टोपी उलटीसुलटी केली.

'पुस्तकात नाही, पोरा,' तो म्हणाला. 'मी बघितलेलं नाही.'

मग त्यानं गादीवर सरकून जागा केली, खोक्यातला स्वतःचा रोल काढून रूबेनच्या हातात दिला आणि म्हणाला, 'बस. थंड होतोय.' रूबेन आमच्या मधे बसला आणि खायला लागला.